मुठीतली लोकर

कातरणीला बसायच्या आधी सटवाजी एडक्याच्या मानेवरची चिमूटभर लोकर काढून घ्यायचा. कपाळाला लावायचा, मुठीत धरायचा आणि जाळीच्या वाड्याभोवती चालू लागायचा. चालता चालता मूठ दाबायची, उघडायची. पुन्हा दाबायची, पुन्हा उघडायची. बघणारे म्हणायचे, बिरोबाचं काहीतरी असेल. डोंगरकडा गावाच्या आसपास जे गडी मेंढ्या कातरायला जात, त्यांनीही हळूहळू ही रीत उचलली. सटवाजीच्या हाताखालून निघालेली लोकर चादरीसारखी एकसंध असायची आणि मेंढीच्या कातड्यावर ओरखडा नसायचा. ज्याचं काम असं, त्याची रीत उगाच नसणार, असं सगळ्यांनी धरून चाललेलं.

बिरोबाचा त्यात काही संबंध नव्हता.

हात मोकळा केल्याशिवाय सटवाजीला कातर चालवता येत नव्हती. धरता यायची, सोडता यायची नाही. गार हाताने काहीही घट्ट धरलं की बोटं तिथंच रुतून बसायची. मनातून किती म्हटलं, सोड, तरी ती दुसऱ्या कुणाची असल्यासारखी ऐकायची नाहीत. मूठ पुन्हा पुन्हा उघडझाप केली की मात्र हाताला वंगण मिळाल्यासारखं व्हायचं आणि मग तो दिवसभर चालायचा. हे तरणेपणापासूनचं. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोला, शालूबाईलासुद्धा नाही. ज्याचं पोट हातावर, त्याने हाताची कागाळी कुणाकडे न्यायची?

दिवाळीनंतरची कातरणी दगडोबाच्या कळपावर होती. दगडोबा त्याचा लहानपणापासूनचा सोबती, तोंडाने फटकळ. सकाळी गारठा होता. सटवाजी अजून एडक्याजवळ पोचलाही नव्हता, तेवढ्यात एका मेंढीचा पायाचा दोर सुटला आणि ती अर्धवट बांधलेली उठायला लागली.

"सटवा, धर, धर तिला! आन लगीच सुरू कर, न्हाई तर पुन्हा बांधत बसावं लागंल," दगडोबा ओरडला आणि त्याने कातर त्याच्या हातात कोंबली.

सटवाजीने मेंढी गुडघ्याखाली घेतली. पोटाकडून पहिला हात मारला आणि कातर मिटली ती मिटलीच. पात्यांच्या मध्ये लोकरीबरोबर कातड्याची घडी आली होती. अजून कापली गेली नव्हती, नुसती धरली गेली होती. आता मेंढीने एक झटका दिला असता तर पोट फाटलं असतं.

बोटं सुटेनात.

त्याने सगळं अंग मेंढीवर टाकलं. छातीने तिला जमिनीशी दाबून धरलं आणि तिच्या कानाशी हळूहळू बोलायला लागला. "गप, माझे बाई, गप. हलू नको." तिचं काळीज त्याच्या छातीखाली धडधडत होतं आणि त्याचंही.

"काय रं, कातराय आलास का मिठी माराय?" दगडोबा म्हणाला. "शालूबाईला सांगावा धाडू का?"

गडी हसले. सटवाजीही दात दाखवून हसला, डोळे मात्र कातरीवर. आधी अंगठा ढिला पडला. मग एक बोट, मग दुसरं. पाती उघडली. कातड्यावर रक्ताचा एक थेंब आला होता. त्याने हळद दाबली आणि पुढचा हात मारला.

हसण्यात एक माणूस नव्हतं. बेबीबाई, गावची आशा कार्यकर्ती, वाड्याच्या जाळीला टेकून उभी होती. ती दगडोबाच्या सुनेला भेटायला आली होती.

"भाऊजी," ती जवळ येऊन म्हणाली, "गुरुवारी दवाखान्यात शिबिर हाय. हातापायाच्या नसा, मास, त्याची कमजोरी बघत्यात. नांदेडहून डाक्टरीन बाई यायल्यात. तुमी या."

"मला काय झालं?"

"मागल्या महिन्यात पारावरून उतरताना पाय लटकला तुमचा. म्या बघितलं. आन आता हे."

"म्हातारा झालो, बेबे. मेंढी लाथा झाडून राहिली व्हती, म्हणून धरली."

"मंग तसंच सांगा तिथं येऊन. माझं काय जातंय?"

जायचं नाही असंच त्याच्या मनात होतं. पण घरात पुनम होती. एकुलती लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. तिच्याकडे बघितलं की सटवाजीला त्याची बहीण आठवायची. जिवनबाई सेनगावकडे दिली होती. तिची दोन लेकरं जन्मली तेव्हाच गेली. दोन्ही रडली नाहीत. सुइणीने हातात उचललं तर ओल्या फडक्यासारखी दोन्हीकडून लोंबली. जिवनबाई पुढे एक दिवस निंदता निंदता शेतात बसली ती उठली नाही. लोकांनी काय काय नावं ठेवली. सटवाजीला एवढंच आठवत होतं की लहानपणी दळताना जिवनबाईचा हात जात्याच्या खुंट्याला चिकटून बसायचा आणि माय तिला चिडवायची.

गुरुवारी तो गेला. बाकावर नंबर लागेपर्यंत बसला. बंडीच्या खिशात लोकरीचा गोळा होता. हात खिशात, मूठ आपली चाललेली. त्याला कुणाला फसवायचं नव्हतं. हाताची परीक्षा द्यायची तर हात तयार करून न्यायचा, एवढंच त्याला माहीत होतं. बिनधारेची कातर घेऊन कातरणीला कोण जातं?

डॉक्टर अंजली वयाने पुनमपेक्षा थोडी मोठी असेल. रांग व्हरांड्याबाहेर गेली होती. हाताचं चित्रण घ्यायला तिने मोबाइल तिकाटण्यावर लावला.

"मामा, हे रबरी नळकांडं घट्ट धरा. अजून घट्ट. धरून ठेवा. आता एकदम सोडा."

मूठ उघडली. चांगली फटकन उघडली.

"छान. काही त्रास?"

"काई न्हाई."

"घरात कुणाचा हात काही धरल्यावर लवकर सुटत नाही, असं आहे?"

"न्हाई."

बेबीबाई मागून म्हणाली, "मॅडम, परवा मेंढीवर तर..."

"तिला सांगितलं की मी," सटवाजी म्हणाला, "मेंढी लाथा झाडत व्हती."

डॉक्टरने मान हलवली आणि पुढच्याला बोलावलं. सटवाजी पायरीवर वहाणा घालत होता तेव्हा तिचं बोलणं त्याच्या कानावर पडलं. ती बेबीबाईला समजावत होती.

"मी सगळ्यांना घरातल्यांचं विचारते ते एवढ्यासाठी, की यातला एक आजार घराण्यात उतरत जातो. आईकडून बाळाला आला तर फार जोरात येतो. बाळ मऊ पडतं, रडत नाही, श्वास घेत नाही. आणि आईला भूल दिली तर आईच्या जिवावर बेतू शकतं. आधी माहीत असलं तर माणसं, यंत्रं तयार ठेवता येतात. ऐनवेळी कळलं तर उशीर झालेला असतो."

सटवाजीचा एक पाय वहाणेत होता, एक बाहेर. तो तसाच थोडा वेळ थांबला. मग घरी चालू लागला. वाटेत पायाचा चवडा दोनदा ढेकळात अडला. पुनमचा हात चांगला आहे, असं तो स्वतःला सांगत राहिला. त्याने तिच्या हाताकडे कधी नीट बघितलंच नव्हतं, हे घर जवळ आल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चुलीपुढे येऊन बसला. शालूबाई शेळ्या सोडत होती. पुनमने चहाचं उकळतं पातेलं सांडशीत धरून उतरवलं आणि खाली ठेवलं. सांडशी सुटली नाही. वाफ तिच्या मनगटावर येत होती. तिने तोंडातून आवाज काढला नाही. दुसऱ्या हाताने पदर ओढून मनगटावर घेतला आणि बोटं उघडायची वाट बघत बसली, अशी की बघणाऱ्याला वाटावं, चहा गाळायच्या आधी जरा दम खातेय.

सटवाजीने पुढे होऊन पातेलं बाजूला ओढलं. सांडशी अजून तिच्या हातात. हळूहळू बोटं सुटली. मग तिने हात पदराखाली घेतला. पदर हलत होता. आत मूठ दाबली जात होती, उघडली जात होती.

"पुनम. कवापासून?"

"काय कवापासून, आबा?"

त्याने खिशातला लोकरीचा गोळा काढून तिच्यापुढे ठेवला. बोलायला शब्द सापडेनात, म्हणून नुसती स्वतःची मूठ तिच्यासारखी दाबून दाखवली. पुनम बघत राहिली. गोळ्याकडे, मग बापाच्या हाताकडे.

"ते बिरोबाचं न्हाई?"

"न्हाई."

"लग्नाच्या आधीपासून हाय," ती म्हणाली. "गारठ्यात लई. सासूबाईंनी बघितलं दोनदा. म्हनल्या, हिनं धरलेलं सुटत न्हाई, माहेरचं वळण दिसतंय."

"आन मूठ उघडझाप कराय कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाई. केलं की बरं वाटतं."

दारात शालूबाई उभी होती. हातात शेळीचा दोर तसाच.

"इतकी वर्सं मी एडक्याच्या पाया पडत आले," ती म्हणाली. "माझा मालक देवाचं करतो म्हणून. आन तुमी देवाच्या नावाखाली हे लपवून राहिले व्हते?"

"लपवलं न्हाई. सांगितलं न्हाई."

"लई फरक हाय त्यात!" तिचा आवाज चढला आणि तिथंच तुटला. पुनमच्या पोटाकडे बघून ती खाली बसली. "आवं, जिवनबाईची लेकरं..."

पुनमने दोन्ही हात पोटावर ठेवले होते.

"मी काल त्या बाईपुढं चांगला हात दाखवून आलो," सटवाजी म्हणाला. "आता नांदेडला जायाचं. वाईट हात दाखवायचा."

"सासरी कळलं म्हंजे?" शालूबाईने विचारलं. "आन तुमाला तरी कोण बोलवील कातराय?"

शालूबाईने विचारलेलं दोन्ही खरं होतं आणि ते त्याचं रात्रीच स्वतःला विचारून झालं होतं.

नांदेडच्या गाडीत पुनम आणि शालूबाई शेजारी बसल्या. सटवाजीला मागे जागा मिळाली. खिसा रिकामा होता. हात त्याने मांडीवर उताणा ठेवला होता आणि त्याला हलू देत नव्हता. आयुष्यभर जो हात चालता ठेवला तो थांबवून ठेवणं सोपं नव्हतं. बोटं सवयीने मिटायला बघायची. तो दुसऱ्या हाताने मनगट धरून बसला.

स्टँडात गाडी शिरली. लोकं उठली. सटवाजी पुढे होऊन दारापाशी आला, तेवढ्यात ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि त्याचा हात आपोआप दांड्यावर गेला. घट्ट बसला.

गाडी थांबली. दार उघडलं. मागून माणसं रेटायला लागली.

"ओ बाबा, उतरा की!" कंडक्टर म्हणाला.

सटवाजी उतरला नाही.

"काहून अडवून राहिले? उतरायचं का वसमतला जायचं परत?"

कुणीतरी हसलं. कुणीतरी त्याच्या बखोटीला धरून ओढलं. गर्दीत मागे पुनम होती, पोट सांभाळत, आणि रेटा तिच्यावर येत होता. नेहमीसारखं हसून काहीतरी सांगायला सटवाजीचं तोंड उघडलं. कंबर धरलीय, चक्कर आलीय, काहीही.

"हात सुटंना," तो म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला, "माझा हात सुटंना! रेटू नका, मागं गरवार लेक हाय माझी!"

रेटा थांबला. पुनम वाट काढत आली. तिने त्याचं एकेक बोट दांड्यावरून सोडवायला घेतलं. शेवटचं बोट निघालं आणि तिची मूठ त्याच्या बोटावर मिटून बसली. आता बाप दांड्यातून सुटला आणि लेकीत अडकला. दोघं तसेच पायऱ्या उतरले, तो पुढे, ती मागे, हात हातात. मागून शालूबाई पिशवी घेऊन उतरली. कंडक्टर पुढे झाला. त्याने पुनमच्या दंडाला आधार दिला.

डॉक्टर अंजलीने सटवाजीला ओळखलं. मोबाइलमधला त्या दिवशीचा हात तिने पुन्हा बघितला, मग समोरचा. या वेळी नळकांडं सोडा म्हटल्यावर बोटं सुटायला इतका वेळ लागला की शालूबाईने तोंड फिरवलं. डॉक्टरने छोट्या हातोडीने अंगठ्याच्या मुळाशी हलकेच ठोकलं. अंगठा आत वळला आणि तसाच राहिला.

"त्या दिवशी कसं सुटलं मग?"

"हात तयार करून आणला व्हता."

तिने हातोडी खाली ठेवली. "मामा, इथं काम दाखवायचं नसतं. दुखणं दाखवायचं असतं." मग तिने पुनमचा हात घेतला. पुनमचाही तसाच राहिला.

तिने तिघांना बसवलं आणि घाई न करता सांगितलं. शरीराच्या प्रत्येक पेशीत काम सुरू व्हायच्या आधी जनुकाची एक नक्कल निघते. ती लांबलचक असते आणि तिच्यात नको असलेले तुकडेही असतात. पेशी ते कापून टाकते आणि कामाचे तुकडे एकमेकांना जोडते. मग त्या जोडलेल्या नकलेवरून पुढचं काम होतं.

"लोकरीतलं गोखरू काढून सूत सांधावं तसं," शालूबाई म्हणाली. ती अजून टकळीवर सूत काढायची.

"तसंच. आता गोखरू आत राहिलं, किंवा कामाची लोकर फेकली गेली, तर?"

"सूत कच्चं निघंल. घोंगडी फाटंल."

"या आजारात एका जनुकात तीच ती अक्षरं पुन्हा पुन्हा येऊन त्याचा धागा वाजवीपेक्षा फार लांब झालेला असतो. जोडणीवर लक्ष ठेवणारे जे कारागीर, ते त्याच्या गुंत्यात अडकून बसतात. मग बाकीच्या जोडण्या चुकतात. स्नायूला सैल पडायला एक दार लागतं, त्याची जोडणी चुकते. म्हणून मूठ मिटते पण वेळेवर उघडत नाही. काळजाचं तेच. पोटातल्या बाळाचं तेच."

"म्हंजी हाच हाय आमाला," सटवाजी म्हणाला.

"थांबा. मूठ न सुटणारा दुसराही एक आजार आहे. त्यात जोडणी ठीक असते, ते दारच मुळात खराब. तो हातापायांपुरता, बाळाच्या श्वासाला त्याची भीती नाही. नुसता हात बघून दोन्ही सारखेच. तुमचा पाय अडतो, बहिणीचं तुम्ही सांगता, त्यावरून मला पहिल्याची शंका आहे. पण शंकेवर मी थांबणार नाही. रक्त बाहेरगावी पाठवते, त्याचा निकाल यायला वेळ लागेल. पुनमकडे तेवढा वेळ नाही. स्नायूचा बारीक तुकडा मिळाला तर जोडण्या किती बरोबर, किती चुकलेल्या, हे मी इथेच मोजू शकते."

"माझा घ्या," पुनम म्हणाली.

"तुला आत्ता सुई लावणार नाही. बाबांचा."

आधी त्यांनी त्याच्या काळजाचा आलेख काढला. मग नडगीशेजारची जागा बधिर केली आणि जाड सुई आत घातली. सटवाजी वर छताकडे न बघता तिच्या हातांकडेच बघत राहिला. सुई बाहेर आली. तिच्या टोकाशी तुरीच्या दाण्याएवढं लाल काहीतरी होतं. डॉक्टरने ते धूर निघणाऱ्या गार भांड्यात टाकलं आणि झाकण लावलं, तेव्हा कुठे श्वास सोडला.

"एवढी घाई?" त्याने विचारलं.

"ही नक्कल नाजूक असते, मामा. जरा ऊब लागली, जरा उशीर झाला की तुटून जाते. मग मोजायला काही उरत नाही."

बाईचा हात चालतो, सटवाजीला वाटलं. वाया एक हालचाल गेली नव्हती.

घरी आल्यावर वाट बघण्याशिवाय काही करता येण्यासारखं नव्हतं आणि त्याला ते करता येत नव्हतं. पाय दुखत होता. त्याने गोठ्यातली दावण नीट केली, नीट असलेली. शालूबाई दर थोड्या वेळाने पुनमला विचारायची, "हललं का?" पुनम म्हणायची, "हललं." एकदा ती बोलली नाही. शालूबाईने पुन्हा विचारलं.

"मगाशी हललं व्हतं," पुनम म्हणाली.

"मगाशी म्हंजी कवा?"

"मायडे, मला सारखं विचारू नको!" पुनम ओरडली आणि रडायला लागली. पोट दिवसांच्या मानाने मोठं होतं आणि आतली हालचाल मंद, हे तिघांनाही कळत होतं. जिवनबाईचंही असंच मोठं असायचं.

तिसऱ्या दिवशी मोबाइल वाजला. सटवाजीने तो उचलून कानाला लावला.

"मामा, मोजलं. दोनदा मोजलं," डॉक्टर म्हणाली. "त्या दाराच्या जोडण्या शंभरात साठावर चुकलेल्या आहेत. आणखी तीन ठिकाणीही तसंच. पहिलाच आजार आहे. रक्ताचा निकाल येईल तेव्हा येईल. बाळंतपणाच्या मॅडमशी आणि बाळांच्या डॉक्टरांशी मी बोलले आहे. पुनमला आजच घेऊन या. भूल देणाऱ्यांनाही कळवलं आहे."

"लेकराला असंलच?"

"निम्मी शक्यता. पण असेलच असं धरून आपण तयारी करायची."

सटवाजीला मोबाइल ठेवायचा होता. तो हातातून निघेना. शालूबाईने तो त्याच्या बोटांतून काढून घेतला.

परमेश्वर, जावई, सासरहून थेट दवाखान्यात आला. हळदीच्या मोंढ्यात, तिथल्या घाऊक बाजारात, तो वजनकाट्यावर काम करायचा. सटवाजी त्याला वॉर्डाबाहेर घेऊन गेला. काय सांगायचं ते वाटेत ठरवलं होतं, ऐनवेळी विसरलं. त्याने जावयाचा हात हातात घेतला आणि दाबला.

"जावाई, आता मी सोडतो म्हणतोय. बघा."

परमेश्वर आपला हात ओढून बघायला लागला. मग थांबला. बोटं सुटेपर्यंत उभा राहिला.

"हे माझ्याकडून पुनमला आलं. तिच्याकडून लेकराला आलं असंल. तुमच्या घरात तिला बोल लागायला नको. लावायचाच तर मला लावा."

परमेश्वरने सुटलेला हात चोळला. "लग्नात तिचा हात हातात दिला," तो म्हणाला, "तवा सोडा म्हनलं तरी सुटंना. बामण हसला, म्हनला नवरी लई पक्की हाय. मला वाटलं भेदरली असंल." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मायला मी सांगतो. तुमी नका येऊ. तुमी बोलाल आन ती भांडंल."

आठवडा गेला आणि कळा सुरू झाल्या. कळा लांबल्या, मग शस्त्रक्रिया करायचं ठरलं. पुनमला आत नेताना तिने बापाकडे हात केला आणि मग मागे घेतला. धरला तर सुटणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

बाहेरच्या बाकावर तिघं बसले. दाराआडून पावलं, भांड्यांचा आवाज, कुणाचं तरी तुटक बोलणं. सटवाजी ऐकत होता. त्याला एकच आवाज हवा होता. तो आला नाही. आतली पावलं अचानक वाढली. एक चाकाची पेटी घाईने आत गेली. शालूबाईने पदर तोंडात धरला. सटवाजीने बाकाची कड धरली होती आणि जिवनबाईच्या घरातला तो दिवस त्याच्या डोळ्यांपुढे होता. सुईण बाहेर आली होती, हात पुसत, आणि काही बोलली नव्हती.

दार उघडलं. नर्स रुख्मिणीबाई बाहेर आली.

"मुलगी हाय."

"रडली न्हाई," शालूबाई म्हणाली.

"न्हाई रडली. पण सगळे तयारच हुते की. लगीच नळी घातली, यंत्रावर घेतलं. काळीज बराबर चालू हाय. पुनमबी बरी हाय, डोळे उघडलेत तिनं. भूल हलकी दिली." मग ती सटवाजीला म्हणाली, "मामा, उठा, चहा प्या."

"उठतो," सटवाजी म्हणाला. "हात सुटू द्या."

मुलगी काचेच्या पेटीत बरेच दिवस होती. हातपाय पसरलेले, छाती यंत्राच्या तालावर. पुनम व्हीलचेअरवर येऊन तासन्‌तास बघत बसायची. एकदा नळी काढून बघितली, जमलं नाही, परत घातली. त्या दिवशी कुणी जेवलं नाही. पुढच्या खेपेला जमलं. पोरीने तोंड उघडलं आणि मांजराच्या पिलासारखा एक बारीक आवाज काढला. परमेश्वर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

डॉक्टर अंजलीने काही गोड करून सांगितलं नाही. मान उशिरा धरेल. चालणं उशिरा. शिकायलाही जड जाईल. दूध हळू पाजावं लागेल. आणि सटवाजीने आपलं काळीज दर सहा महिन्यांनी तपासून घ्यायचं, टाळायचं नाही. "हा आजार बरा करणारं औषध अजून नाही," ती म्हणाली. "जोडणी सुधारते का हे बघायची औषधं काही ठिकाणी तपासून बघतायत. ती सुधारली का हेसुद्धा असंच मोजावं लागणार. तुमचा तो तुकडा मी जपून ठेवला आहे."

उन्हाळ्याच्या तोंडी पुढची कातरणी आली. दगडोबाचाच कळप. सांगावा येईल की नाही, शालूबाईला शंका होती. आला. सकाळी गडी जमले. एकेकाने एडक्याच्या मानेवरची लोकर काढली, कपाळाला लावली आणि मूठ दाबत वाड्याभोवती फिरायला लागले. सटवाजी फिरला नाही. मेंढी घेऊन बसला, कातर धरली, रिकामीच एकदा मिटली आणि थांबला.

"काहून बसलास?" दगडोबा म्हणाला. "बिरोबा रुसला काय?"

"बिरोबाचं न्हाई ते, दगडू. कवाच नव्हतं." त्याने मिटलेली कातर वर धरून दाखवली. "हात उघडंना माझा. दुखणं हाय. थांब जरा."

फिरणारे गडी जागच्या जागी उभे राहिले, मुठीत लोकर घेऊन. ती आता टाकावी की ठेवावी, कुणाला कळेना.

"आन आमी इतकी वर्सं हे कशापायी फिरून राहिलो?" एकजण म्हणाला.

"हात मोकळा व्हतो तुमचा. फिरा की," सटवाजी म्हणाला.

दगडोबाला काहीतरी बोलायचं होतं. त्याने बोरीच्या सावलीकडे बघितलं. तिथे शालूबाई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी पुनम वाटी धरून. शालूबाई चमच्याने दुधाचा एक घोट तिच्या तोंडात सोडायची आणि ती गिळेपर्यंत हात तसाच थांबवून धरायची. पोरगी गिळायला वेळ घेत होती. मग दुसरा घोट.

"घे मंग वेळ," दगडोबा म्हणाला आणि मेंढीचे पाय धरायला तो स्वतः खाली बसला.

अंगठा ढिला पडला. मग बाकीची बोटं. सटवाजीने पाती उघडून बघितली आणि पोटाकडून पहिला हात मारला.